पाचवी बाजू

व्हर्जिनिया किंवा केंटकीमधल्या जुन्या खरेदीखताला बहुधा नकाशा जोडलेला नसतो. जमिनीभोवती कोणी चालत गेल्यासारखे वर्णन असते. ओढ्याकाठच्या पांढऱ्या ओकपासून सुरुवात. तिथून उत्तर ४० अंश पूर्व या दिशेने ६० पोल, रोवलेल्या दगडापर्यंत. मग दक्षिण ५० अंश पूर्व ८० पोल, जोडीने उभ्या असलेल्या हिकरीच्या झाडांपर्यंत. मग दक्षिण ४० अंश पश्चिम ६० पोल, ओढ्यापर्यंत. आणि शेवटी उत्तर ५१ अंश पश्चिम ७९ पोल, आरंभीच्या ओकपर्यंत. क्षेत्र ३० एकर. हा नमुना मी समजावण्यासाठी रचला आहे, पण खरी खते अशाच धाटणीची असतात, आणि पुण्यातल्या ज्या कचेरीत मी आरेखक आहे तिथे रोज ती वाचली जातात. अमेरिकेतले मोजणीदार कागद पाठवतात, आम्ही रात्रीतून त्यांची आकृती काढून परत पाठवतो.

उत्तर ४० अंश पूर्व म्हणजे उत्तरेला तोंड करून उभे राहायचे आणि पूर्वेच्या बाजूला ४० अंश वळायचे. पोल म्हणजे साडेसोळा फूट. संगणकावर हे उतरवायला फार वेळ लागत नाही. ऑटोकॅडमध्ये कोन लिहिण्याची पद्धत मोजणीदारांची ठेवायची, पॉलिलाइनचा आदेश द्यायचा, आरंभबिंदू ठेवायचा आणि एकेका बाजूची लांबी व दिशा टाईप करत जायचे. चौथी बाजू पडली की रेघ आरंभबिंदूवर टेकली पाहिजे. वरच्या नमुन्यात ती टेकत नाही. ओकच्या दक्षिणेला १.७ पोल, म्हणजे सुमारे २८ फूट अलीकडेच थांबते. पूर्ण फेरा २७९ पोलांचा. तेव्हा दर १६४ पोलांमागे एक पोल चुकला.

अशा वेळी कळफलकावर ‘सी’ हे अक्षर हाताशी असते. ते दाबले की आकृती बंद होते. सॉफ्टवेअर त्या २८ फुटांची एक पाचवी बाजू काढते आणि विचारताच क्षेत्रही सांगते, दशांश चिन्हापुढच्या चार आकड्यांसकट. आकृती बंद झाली म्हणजे ती बरोबर आहे असे डोळ्याला वाटते. पण ही पाचवी बाजू खतात कुठेच नाही, आणि ती कोणी कधी मोजलेली नाही. माझ्याकडे शिकायला येणाऱ्या मुलामुलींना मी सगळ्यात आधी हेच सांगते की खत उतरवताना ‘सी’ला हात लावायचा नाही. आकृती उघडी राहू द्यायची. उरलेली फट किती आणि कोणत्या दिशेला, ते बाजूला लिहायचे. त्या फटीत जमिनीचा निम्मा इतिहास असतो असे मला मनापासून वाटते, आणि तो का, हेच इथे सांगायचे आहे.

फेरा मोजण्याची ही रीत इंग्लंडमधून अमेरिकेत गेली. ग्रेशम कॉलेजातले खगोलशास्त्राचे प्राध्यापक एडमंड गंटर यांनी १६२० मध्ये ६६ फुटांची, १०० कड्यांची साखळी रूढ केली. दहा चौरस साखळ्या म्हणजे एक एकर, असा तिचा सोपा हिशेब. चार पोल म्हणजे एक साखळी. व्हर्जिनियाच्या दाट जंगलात आणि डोंगरउतारावर ६६ फूट साखळी ताणणे अवघड, म्हणून तिथले मोजणीदार अर्धी, दोन पोलांची, ३३ फुटांची साखळी वापरत. दिशेसाठी होकायंत्र. पुढे साखळी धरणारे दोघे, झाडे तोडून वाट काढणारा एक, आणि हद्दीवरच्या झाडांच्या सालीवर कुऱ्हाडीने खुणा करणारा एक. जॉर्ज वॉशिंग्टन १७४९ मध्ये, वयाच्या सतराव्या वर्षी, कल्पेपर परगण्याचे मोजणीदार नेमले गेले ते याच कामासाठी. मोजणीदाराला त्या काळी मान होता, आणि जमीनही मिळत असे.

केंटकीत या रीतीने फार नुकसान केले. १७७९ च्या व्हर्जिनियाच्या कायद्याने लोकांना जमिनीच्या हक्काचे कागद विकले, पण जमीन कुठली ते ज्याने त्याने जाऊन शोधायचे आणि ज्याने त्याने मोजून घ्यायचे. आधी कोणी काय मोजले आहे ते दाखवणारा एकही सामाईक नकाशा नव्हता. एकाच जागेवर दोन दोन, तीन तीन दावे चढले. थॉमस लिंकन नावाच्या शेतकऱ्याने तिथे शेते घेतली आणि हक्काच्या व मोजणीच्या भानगडींत अडकून १८१६ मध्ये बायकामुलांसह केंटकी सोडून इंडियाना गाठले. त्यांचा मुलगा अब्राहम तेव्हा सात वर्षांचा होता. केंटकी सोडण्याचे मुख्य कारण जमिनीच्या हक्कांतल्या अडचणी हे होते, असे अब्राहम लिंकन यांनी पुढे स्वतःच लिहून ठेवले आहे. आणि १८३३ मध्ये इलिनॉयमधल्या न्यू सालेमला राहत असताना ते स्वतः उपमोजणीदार झाले. बापाचे शेत वाकड्या मोजणीत गेलेले ज्याने पाहिले, तो साखळी किती ताठ धरत असेल, हा विचार माझ्या मनात अनेकदा येतो.

इंडियाना आणि इलिनॉयमध्ये तोवर निराळी पद्धत आली होती. १७८५ च्या कायद्याने सरकारी जमीन आधी मोजायची आणि मग विकायची असे ठरले. सहा मैल चौरसाचे गाव, त्याचे ३६ भाग, एकेक भाग ६४० एकरांचा. तिथली खते दोन ओळींत आटपतात आणि आमच्या कामात ती फारशी येतही नाहीत. जुन्या तेरा वसाहती, केंटकी आणि टेनेसी मात्र अजून त्या चालत्या वर्णनांवर उभ्या आहेत.

आता फेरा का मिटत नाही ते पाहू. होकायंत्राची सुई खऱ्या उत्तरेला नसते, चुंबकीय उत्तरेला असते, आणि ती उत्तर वर्षागणिक सरकते. शतकाभरात काही अंशांचा फरक पडतो. जवळ लोखंडाचा दगड असला तरी सुई ढळते. साखळीच्या कड्या वापरून झिजतात आणि साखळी लांबते. उतारावर साखळी आडवी धरायची असते, पण थकलेला माणूस ती जमिनीलगत टाकतो. जुन्या होकायंत्रांवर अंश बहुधा अर्ध्या किंवा पाव अंशापर्यंत वाचत. माझ्या नमुन्यातली शेवटची बाजू ८० पोल असायला हवी होती, म्हणजे १३२० फूट, बरोबर पाव मैल. इतक्या लांबीवर एका अंशाची चूक म्हणजे टोकाला २३ फूट. एक अंश आणि एक पोल मिळून २८ फुटांची फट पडली.

ही फट कशी वाटून टाकायची, हा प्रश्न १८०८ साली ‘द अ‍ॅनालिस्ट’ या अमेरिकेतल्या गणिताच्या नियतकालिकात बक्षिसासाठी विचारला गेला. विचारणारे रॉबर्ट पॅटरसन, पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात गणिताचे प्राध्यापक आणि अमेरिकेच्या टांकसाळीचे प्रमुख. प्रश्न अगदी शेतातला होता. पाच बाजूंची एक जमीन, प्रत्येक बाजूची लांबी आणि दिशा मोजलेली, आणि बेरीज केल्यावर फेरा मिटत नाही. अशा वेळी सर्वांत संभवनीय आकृती कोणती आणि तिचे क्षेत्र किती? बक्षीस नॅथॅनिएल बाउडिच यांना मिळाले. हे सालेम बंदरातले गृहस्थ, शाळा लहानपणीच सुटलेली, गणित स्वतःच्या बळावर शिकलेले. १८०२ साली त्यांनी खलाशांसाठी लिहिलेले नौकानयनाचे पुस्तक अमेरिकेच्या बहुतेक जहाजांवर असे.

बाउडिच यांचे उत्तर शाळेतल्या मुलालाही करता येईल असे आहे. एकूण तूट उत्तर-दक्षिण आणि पूर्व-पश्चिम अशा दोन भागांत काढायची. मग प्रत्येक बाजूला तिच्या लांबीच्या प्रमाणात वाटून द्यायची. माझ्या नमुन्यात उत्तर-दक्षिण तूट १.७ पोल. ६० पोलांच्या बाजूच्या वाट्याला त्यातला २७९ पैकी ६० भाग येतो, म्हणजे सुमारे ०.३७ पोल. ८० पोलांच्या बाजूला सुमारे ०.४९. जो जितका लांब चालला, त्याच्याकडून तितकी चूक होण्याचा संभव अधिक, ही त्यामागची समजूत. त्याच नियतकालिकाचे संपादक रॉबर्ट एड्रेन, आयर्लंडमधल्या १७९८ च्या बंडानंतर अमेरिकेत आलेले शिक्षक, यांनी या प्रश्नाच्या निमित्ताने चुकांच्या विभाजनाचा नियम मांडला. युरोपात लजांद्र यांनी किमान वर्गांची रीत १८०५ मध्ये छापली होती, आणि गाउस यांचा ग्रंथ १८०९ मध्ये आला. आकाशातल्या ग्रहांचे गणित आणि एका शेताचा न मिटणारा फेरा एकाच सुमारास एकाच नियमाकडे चालले होते. मला या योगाचा फार आनंद होतो. बाउडिच यांच्या नियमाला मोजणीदार आजही ‘कंपास रूल’ म्हणतात, आणि आमच्या सॉफ्टवेअरमध्ये तो एका बटणावर आहे.

पण अमेरिकन कोर्टांनी गणिताला पहिला मान दिला नाही, आणि इथे त्यांचे शहाणपण दिसते. खतातल्या गोष्टी एकमेकींशी जुळल्या नाहीत, तर आधी नैसर्गिक खुणा मानायच्या : ओढा, झाड, खडक. मग माणसाने उभी केलेली खूण, म्हणजे रोवलेला दगड किंवा खुंट. मग शेजाऱ्याची हद्द. त्यानंतर दिशा आणि लांबी. आणि सगळ्यात शेवटी क्षेत्र. ओक जागेवर असेल तर चौथी बाजू ओकपर्यंतच जाते, मग पोल किती का लिहिले असेनात. एकर हा सर्वांत कच्चा पुरावा, कारण तो इतर सगळ्या आकड्यांवरून काढलेला असतो आणि सगळ्यांच्या चुका त्यात जमा होतात.

आपल्याकडे नेमका उलटा क्रम पडला, आणि तो का पडला हे समजून घ्यायला इंदापूरला यावे लागते. माझे माहेर त्याच तालुक्यातले. अण्णा, म्हणजे माझे वडील, भूकरमापक होते. शंकू कसा रोवायचा हे त्यांनी मला आमच्याच ज्वारीच्या रानात दाखवले होते.

मोजणी काही इंग्रजांनी आणली असे नाही. शिवकाळात अण्णाजी दत्तो यांच्या देखरेखीखाली जमिनीची मोजणी झाली. पाच हात पाच मुठींची, ८२ तसूंची काठी, वीस काठ्या लांब नि वीस काठ्या रुंद एवढा बिघा, आणि १२० बिघ्यांचा चावर. मोजायचे ते क्षेत्र, आणि ते साऱ्यासाठी. हद्दीचे भांडण गावाच्या आठवणीवर आणि गोतसभेत सुटत असे. खतांत चतुःसीमा लिहिण्याची चाल तर शिलाहारांच्या ताम्रपटांहून आजपर्यंत चालत आलेली आहे : पूर्वेस अमक्याचे शेत, पश्चिमेस रस्ता, दक्षिणेस ओढा. म्हणजे अमेरिकन कोर्टांनी जे आधी ठेवले, ते शेजार आणि ओढे, आपल्या खतांतही होतेच. अंश आणि पोल तेवढे नव्हते.

पेशवाई गेल्यावर १८२० च्या दशकात आर. के. प्रिंगल यांनी दख्खनची पाहणी केली. शेताचा निव्वळ नफा काढायचा आणि त्याच्या ठरावीक भागाइतका सारा घ्यायचा, हा त्यांचा सिद्धांत. हिशेब कागदावर सुंदर होता आणि रानात कोसळला. इंदापुरात कुळे जमिनी टाकून निघून गेली. १८३५ मध्ये एच. ई. गोल्डस्मिड आणि मुंबई इंजिनिअर्सचे लेफ्टनंट जॉर्ज विंगेट यांनी इंदापुरातच नव्याने काम हाती घेतले. तीस वर्षे सारा वाढणार नाही अशी हमी दिली. जमिनीची प्रत सोळा आण्यांपासून दोन आण्यांपर्यंत नऊ वर्गांत बसवली. शेतांचे सर्व्हे नंबर पाडले, साधारण एका बैलजोडीने होईल एवढ्या आकाराचे. या कामाचे नियम डेव्हिडसन यांच्यासह तिघांच्या १८४७ च्या संयुक्त अहवालात पक्के झाले आणि मुंबई इलाखाभर, पुढे वऱ्हाडातही, गेले. आज आपण ज्याला सर्व्हे नंबर म्हणतो तो या तालुक्याने महाराष्ट्राला दिला आहे.

त्यांची साखळी ३३ फुटांची होती, व्हर्जिनियाच्या जंगलातल्या साखळीएवढीच. एक साखळी लांब आणि एक साखळी रुंद म्हणजे १०८९ चौरस फूट, आपला गुंठा. ४० गुंठ्यांचा एकर. पण साखळीचे शंभर भाग न करता सोळा आणे केले, कारण सोळा आण्यांचा हिशेब इथल्या कारकुनाच्या आणि शेतकऱ्याच्या तोंडी होता. एक आणा म्हणजे दोन फूट पाऊण इंच.

आणि कोन मोजायचा नाही. हे मला त्या पद्धतीचे सर्वांत मोठे वैशिष्ट्य वाटते. शंकू म्हणजे एका काठीवर एकमेकांना काटकोनात छेदणाऱ्या दोन फटी. त्याला ९० अंशांखेरीज दुसरा कोन ठाऊक नाही. शेताच्या एका कोपऱ्यापासून समोरच्या कोपऱ्यापर्यंत पाया धरायचा, त्यावर साखळी टाकत जायचे, आणि डावी-उजवीकडचा कोपरा काटकोनात आला की तिथून त्याच्यापर्यंतचा लंब मोजायचा. शेताचे त्रिकोण आणि समलंब चौकोन पडतात. आकडे टिपणात लिहायचे, गुणाकार बुकात क्षेत्र काढायचे. होकायंत्र नको, दुर्बीण नको. चार बुके शिकलेला माणूस हे करू शकतो. इतक्या स्वस्तात इतका मोठा मुलूख दुसऱ्या कुठल्या रीतीने मोजून झाला असता असे मला वाटत नाही.

त्याच दख्खनवरून त्याच पिढीत कोनांची मोठी मोजणीही चालली होती. विल्यम लॅम्ब्टन यांनी १८०२ मध्ये मद्रासजवळ पाया मोजून त्रिकोणांची साखळी उत्तरेकडे आणली. त्यांचे थिओडोलाइट अर्ध्या टनाचे. जानेवारी १८२३ मध्ये ते हिंगणघाटला वारले आणि तिथेच त्यांची कबर आहे. त्या मोजणीला पृथ्वीचा आकार हवा होता, विंगेट यांना सारा. इंदापूरच्या शेतकऱ्याचा बांध त्या महान त्रिकोणांना बांधलेला नव्हता.

पाया आणि लंब या पद्धतीत एक गोष्ट दडलेली आहे, आणि ती मला अमेरिकन खते उतरवता उतरवता समजली. टिपणातली आकृती नेहमी मिटते. प्रत्येक कोपरा पायावरून स्वतंत्र उभा केलेला असतो, म्हणून लंब दोन आणे चुकला काय किंवा पाच आणे चुकला काय, बाजू जोडल्या की शेत बंद. व्हर्जिनियाचा फेरा स्वतःची चूक स्वतः दाखवतो. आपले टिपण ती दाखवू शकत नाही. ज्या टिपणात बांधाची लांबीही वेगळी मोजून लिहिली आहे तिथे थोडा पडताळा मिळतो. नाहीतर चूक कळते ती शेजारचा नंबर काढल्यावर. एकच बांध, इकडच्या टिपणावरून ९ साखळ्या ६ आणे येतो आणि तिकडच्या टिपणावरून ९ साखळ्या ११ आणे. दोन्ही शेते आपापल्या जागी बंद आहेत, आणि दोघांच्या मधे दहा फुटांचा फरक आहे.

साऱ्यासाठी हे चालत होते. एकरी काही आण्यांचा सारा, त्यात अर्ध्या गुंठ्याने कोणाचे काही बिघडत नव्हते. सातबाऱ्यावरही म्हणून क्षेत्र आणि आकार, म्हणजे सारा, येतो, बाजू आणि कोन येत नाहीत. पण १० साखळ्यांच्या बांधावर एका आण्याची चूक म्हणजे १० आणे क्षेत्र, अर्ध्या गुंठ्याहून जास्त. आज पुण्याभोवती आणि आता बारामती-भिगवणच्या रस्त्यालाही जमीन गुंठ्याने विकली जाते. साऱ्यासाठी टिपलेला आकडा हद्दीसाठी वाचला जातो. मधल्या काळात विसाव्या शतकातली हिस्सेमोजणी झाली, १९४७ च्या कायद्याने एकत्रीकरण होऊन अनेक गावांत सर्व्हे नंबरांचे गट झाले, गुंठ्यांचे आर झाले. प्रत्येक वेळी जुन्या क्षेत्राचा मेळ नव्या क्षेत्राशी घातला गेला, कारण बेरीज जुळणे महत्त्वाचे होते. बांध कुठे आहे हे पुन्हा पुन्हा नव्याने शोधावे लागले.

आता हद्दकायम मोजणीला रोव्हर घेऊन माणूस येतो आणि उपग्रहांवरून काही सेंटिमीटरांत जागा सांगतो. मला या यंत्रांचे कौतुक आहे. माझ्या धंद्याचा पायाच संगणक आहे. १९६० च्या सुमारास एमआयटीत चार्ल्स मिलर यांनी ‘कोगो’ नावाची आज्ञावली तयार केली, तिला लांबी आणि दिशा सांगितली की ती बिंदूंचे सहनिर्देशक काढून देई. १९८२ मध्ये ऑटोकॅड आले आणि हे काम साध्या संगणकावर, साध्या माणसाच्या हातात आले. ड्रॉइंग बोर्डावर कोनमापक ठेवून मी शिकले, त्यामुळे पाव अंश अचूक उतरवणे म्हणजे काय कष्ट असतात ते मला माहीत आहे. पण रोव्हर सेंटिमीटरमध्ये सांगतो ते त्या क्षणी तो जिथे उभा आहे तिथले. मूळ आकडा दोन फुटांच्या आण्यात लिहिलेला आहे, तो त्याने बारीक होत नाही. माझ्या हातून गेलेल्या टिपणांत बहुतेक आकडे आण्यात किंवा अर्ध्या आण्यात संपतात. ते मीटरमध्ये फिरवले की १०.०५८४ ने गुणून तीन-चार दशांश आकडे येतात, आणि पाहणाऱ्याला वाटते की दीडशे वर्षांपूर्वीच्या माणसाने मिलिमीटर मोजले होते.

गावाकडे सुट्टीत गेले की कोणी ना कोणी टिपणाची नक्कल घेऊन येतो. ‘ताई, काँप्युटर काय म्हणतो ते सांगा, बांध कुठून जातो?’ मी दोन्ही नंबरांची टिपणे मागते. एका टिपणावर मी रेघ काढत नाही. दोन्ही उतरवते, सामाईक बांध एकावर एक ठेवते आणि फरक दाखवते. मग विचारते की जुना हद्दीचा दगड कुठे आहे, विहीर कोणाच्या आज्याने खणली, बाभळ बांधावर होती की बांधाच्या आत. अमेरिकन कोर्टाचा क्रम इथे लागू नाही, सरकारी मोजणीच्या जागी माझे बोलणे उभे राहू शकत नाही, हेही सांगते. तरीही दोन भाऊबंद एका कागदावर ती दहा फुटांची पट्टी पाहतात तेव्हा समोरच्याने ती चोरलेली नाही, ती मोजणीतच होती, एवढे त्यांना दिसते. मला यात फार समाधान आहे.

उजनी धरणाच्या पाण्याखाली गेलेल्या शिवारात तर उलटी गोष्ट आहे. तिथे दगड, बाभळी, बांध सगळे गेले. उन्हाळ्यात पाणी ओसरते, पळसदेवचे देऊळ उघडे पडते, लोक गाळपेर करायला उतरतात, आणि कुठला नंबर कुठे होता ते सांगायला टिपणातले साखळी-आणेच उरलेले असतात. अण्णा म्हणायचे, टिपणातला आकडा कधी खोडू नये, चूक वाटला तरी शेजारी दुसरा लिहावा. ते सरकारी शिस्तीतून म्हणत असतील, पण उजनीकाठी त्याचे मोल कळते.

माझे एक मागणे आहे, आणि ते शक्य आहे हे मी रोज पाहते. जॉर्जिया राज्यात नोंदवल्या जाणाऱ्या जमीन-नकाशांवर मोजणीदार लिहितात की रानातल्या मोजणीचा फेरा किती फुटांमागे एक फूट चुकला, प्रत्येक कोनाला किती सेकंदांची चूक आली, ती कोणत्या नियमाने वाटली, आणि काढलेली आकृती स्वतः किती फुटांमागे एक फूट मिटते. नियमाच्या जागी बहुतेक वेळा ‘कंपास रूल’ असते, म्हणजे १८०८ चे ते शेत अजून त्या नकाशांवर आहे. ही ओळ आमच्याच कचेरीत पुण्यात टाईप होते. आपल्या मोजणीच्या ‘क’ प्रतीवर, म्हणजे मोजणीनंतर मिळणाऱ्या नकाशावर, अशी दोन रकान्यांची जागा करता येईल : मूळ टिपणाशी किती फरक आला, आणि लगतच्या नंबराच्या टिपणाशी किती. रोव्हरने घेतलेले बिंदू आणि टिपणावरून काढलेले बिंदू दोन्ही संगणकात असतातच, वजाबाकी तेवढी छापायची आहे. गावातली जी टिपणे मी उतरवून देते त्यांच्या उजव्या कोपऱ्यात मी हे दोन आकडे फूट-इंचांत लिहिते, खाली कोणती टिपणे पाहिली त्यांचे नंबर देते, आणि ज्या कोपऱ्यावर दगड सापडला तो कोपरा भरीव टिंबाने, नाही सापडला तो पोकळ टिंबाने दाखवते.